पितळ उघडं पडलं

माझं माहेर वाईचं. कुठल्याही विषयावर बोलायला लागले की पहिल्या पाच मिनिटांत हे वाक्य मी कुठंतरी घालतेच. त्यामुळे सह्याद्रीतल्या लाव्हाच्या सगळ्यात वरच्या थरांना भूशास्त्रात 'वाई उपगट' म्हणतात असं भाचीनं सांगितलं, तेव्हा मला नवल वाटलं नाही. एवढा उशीर का झाला, इतकंच वाटलं. त्या उपगटातल्या थरांची नावं तिनं खालून वर म्हणून दाखवली. पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा, देसूर.

"म्हणजे पोलादपूरच्या डोक्यावर वाई?" मी विचारलं.

"मावशी, वाई हे या सगळ्यांचं मिळून नाव आहे."

त्याहून उत्तम.

भाची बेसॉल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या दगडावर, पीएच.डी. करते आहे. दगड फोडायचा, दळायचा, आम्लात विरघळवायचा, त्यातलं एकेक मूलद्रव्य मोजायचं आणि तो मुळात जमिनीखाली किती खोलातून आणि कशातून आला याचा माग काढायचा. नमुने गोळा करायला तिला आंबेनळी घाटात जायचं होतं आणि बरोबर येणारी मैत्रीण ऐनवेळी तापानं झोपली. मी बँकेतून नुकतीच निवृत्त झाले होते आणि घरात माझी फार गरज आहे असं कुणाच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. मी म्हटलं, मी येते. गाडी मी चालवीन, दगड मी उचलीन, वाटेत वाईला मुक्काम. भाची 'नको' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी डबा भरायला घेतला.

गाडीत तिनं मला सगळा विषय समजावून सांगितला. आणि पुढच्या अनर्थाचं मूळ हेच, की तो मला समजला.

तर ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमाराला भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आज जिथं रियुनियन बेट आहे त्या भागात होता. तिथं पृथ्वीच्या पोटातून तापलेल्या खडकाचा एक लोट वर आला. त्याला प्लूम म्हणतात. वर येता येता दाब कमी झाला की हा खडक वितळायला लागतो, आणि त्या वेळी तो इतका वितळला की साडेसहा कोटी वर्षं झिजून, वाहून गेल्यावर उरलेला लाव्हासुद्धा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला आहे. पश्चिम घाटात त्याची जाडी दोन किलोमीटरांच्या घरात जाते. पुढं भारत उत्तरेला निघून आला, प्लूम तिथंच राहिला, आणि त्याच्या खुणा समुद्रात ओळीनं उमटत गेल्या: लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस आणि शेवटी रियुनियन. १९८७ मध्ये या ओळीत समुद्रतळाला भोकं पाडून खडक वर काढले, तर दक्षिणेला जावं तसं त्यांचं वय उतरत गेलेलं निघालं. रियुनियनवरचा पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी तर अजून लाव्हा ओकतो आहे.

रियुनियन हा फ्रान्सचा भाग आहे आणि तिथं युरो चालतात, हे ऐकल्यावर मला राहवेना. चहाला थांबलो तिथून मी घरी फोन लावला.

"अहो, सह्याद्री झाला तेव्हा आपण फ्रान्सला होतो."

"तेव्हा व्हिसा लागत नसेल," हे म्हणाले. "गॅसचा नंबर लावलास का?"

आता ही प्लूमची कल्पना. हवाई बेटांची रांग एका जागी थांबलेल्या उष्ण ठिकाणावरून जमीन सरकत गेल्यामुळे झाली, असं टुझो विल्सन यांनी १९६३ मध्ये सुचवलं. ही उष्णता प्रावरणाच्या अगदी तळातून, म्हणजे गाभ्याच्या सीमेवरून वर येत असावी, असं जेसन मॉर्गन यांनी १९७१ मध्ये मांडलं. ही सीमा २,९०० किलोमीटर खाली आहे. माणसानं पाडलेलं सगळ्यात खोल भोक रशियात कोला द्वीपकल्पावर आहे आणि ते १२ किलोमीटरांहून जरा जास्त आहे. पुण्याहून निघालं तर तेवढ्यात शिरवळसुद्धा येत नाही. म्हणजे खाली जाऊन बघून आलेला साक्षीदार कुणी नाही. सगळी भिस्त वर आलेल्या दगडाच्या जबानीवर. 'दख्खनपासून रियुनियनपर्यंत प्लूमचा काही मागमूस नाही' असं २००५ मध्ये सविस्तर लिहिणारे हेतू शेठ तर आपल्या मुंबईच्याच आयआयटीतले. भाचीनं हे सांगितल्यावर मी लगेच शेठांच्या विरोधात गेले. मला त्यातलं काही कळत होतं म्हणून नाही; एकदा फ्रान्सला जाऊन आल्यावर कुणी 'गेलाच नव्हतात' म्हटलेलं सहन होत नाही.

जबानी कशी घेतात, तेही तिनं सांगितलं. हेलियम वायू दोन प्रकारचा. हेलियम-३ हा पृथ्वी घडताना आत कोंडला गेला तो गेला, नवा म्हणावा असा तयार होत नाही. हेलियम-४ मात्र युरेनियम आणि थोरियमच्या क्षयातून सतत तयार होत राहतो. त्यामुळे ज्या खडकात हेलियम-३चं प्रमाण जास्त, तो पृथ्वीच्या एखाद्या जुन्या, फारशा न ढवळलेल्या कोपऱ्यातून आला असा संशय घ्यायचा. समुद्राच्या मध्यावरच्या डोंगररांगांतून येणाऱ्या लाव्हात हेलियम-३ आणि हेलियम-४ यांचं गुणोत्तर हवेतल्याच्या साधारण ८ पट असतं. राजस्थानातल्या मुंडवारा आणि सारनूच्या खडकांवर, म्हणजे दख्खनच्या उद्रेकाच्या पहिल्या फुणफुणीवर, आशिष बसू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं. १९९३ मध्ये त्यांनी जाहीर केलेलं गुणोत्तर १३.९ पटींपर्यंत गेलं होतं. रियुनियनचे आकडेही त्याच्याच आसपासचे.

दुसरा साक्षीदार स्ट्रॉन्शियम. रुबिडियम-८७चं हळूहळू स्ट्रॉन्शियम-८७ होतं. हळूहळू म्हणजे निम्मं व्हायलाच ४,९०० कोटी वर्षं लागतात. खंडांच्या जुन्या ग्रॅनाइटी कवचात रुबिडियम भरपूर, म्हणून तिथं स्ट्रॉन्शियम-८७ चढत जातं. लाव्हा वर येताना या कवचात रेंगाळला, त्याचे तुकडे गिळले, तर त्याच्यातलंही स्ट्रॉन्शियम-८७चं गुणोत्तर चढतं. आंबेनळीच्या थरांत ते ०.७०४च्या आसपास आहे. त्याच्या खाली पोलादपूर आणि त्याच्याही खाली बुशे नावाचे थर आहेत, तिथं ते चढत चढत ०.७२पर्यंत जातं. म्हणजे बुशेचा लाव्हा वाटेत नको तिथं रमला, आंबेनळीचा फारसं कुणाला न शिवता वर आला. कीथ कॉक्स आणि ख्रिस हॉक्सवर्थ यांनी १९८५ मध्ये महाबळेश्वरच्या कड्यांचा असा रासायनिक पाढा लिहून काढला, तेव्हापासून डोळ्यांना एकसारखे दिसणारे काळे थर रसायनावरून ओळखता येऊ लागले.

हे मला फार लवकर कळलं, कारण मी आयुष्यभर कॅशमध्ये बसले. नोटेला मासळीचा वास आला तर ती मासळीबाजारातून आली एवढंच कळतं. ती तिथं छापली असं कुणी म्हणत नाही. भाचीनं गाडीच्या खिडकीतून माझ्याकडं वळून पाहिलं. "मावशी, हे मी माझ्या प्रबंधात घालू?" त्या कौतुकानं माझी पुरती वाट लागली. तिथून पुढं मी सल्ले द्यायला सुरुवात केली.

घाटात पहिला दगड मीच शोधला. काळाभोर, जड, ताज्या फोडीचा, एकही भोक नसलेला. भाचीला असाच हवा होता. बाहेरचा तपकिरी, कुजका भाग नको, पांढऱ्या खड्यांनी भरलेली भोकं नकोत, कारण ती नंतर मुरलेल्या पाण्यानं भरलेली असतात. दोन्ही हातांनी उचलून मी तो तिच्यापुढं ठेवला. तिनं उलटा केला. खालच्या अंगाला सिमेंट होतं.

"हा कठड्याचा आहे," ती म्हणाली. "हा दगड ट्रकनं आलाय, मावशी. प्लूमनं नाही."

मग तिनं मला हातोडा न देता पिशव्यांवर नावं घालायचं काम दिलं. ते मी चोख केलं. प्रत्येक पिशवीवर क्रमांक, जागा, उंची, तारीख आणि सवयीनं खाली सही. दरम्यान आमच्याभोवती गर्दी जमली. दोन बायका रस्त्याच्या कडेला दगड फोडताहेत आणि प्रत्येक तुकड्याची नोंद करताहेत, हे दृश्य महाराष्ट्रात कुणी निरपेक्ष बुद्धीनं बघू शकत नाही. चणेवाला बराच वेळ उभा होता. शेवटी हळूच म्हणाला, "मॅडम, रस्ता किती फूट आत घेणार?" मी म्हटलं, रस्ता नाही हो, आम्ही खाली २,९०० किलोमीटरवर काय आहे ते बघतोय. त्यानं मान डोलावली. "तरी आमच्या बाजूनं की पलीकडनं?"

उन्हं चढली तसा मी नवा सल्ला दिला. समोर प्रतापगड दिसत होता. वरपर्यंत रस्ता, वर सरबत, आणि माथ्यावर उघडाबोडका कातळ. तिथलाच का घेऊ नये? भाची म्हणाली की नेमका हेलियमसाठी तो चालत नाही. माथ्यावरच्या उघड्या दगडावर अवकाशातून येणारे किरण हजारो वर्षं आदळतात आणि त्यातून दगडातच नवा हेलियम-३ तयार होतो. तो मोजला तर गुणोत्तर उगाच फुगतं. म्हणजे जन्मभर उन्हात पडलेला धोंडाही आपण पाताळातून आल्याची बतावणी करू शकतो. हे ऐकून मला आमच्या बँकेतले काही विभागीय अधिकारी आठवले, पण तो विषय निराळा.

वाईला मुक्काम छान झाला. माहेरच्यांना मी वाई उपगट समजावला. त्यांनाही नवल वाटलं नाही.

आता तो अनर्थ, म्हणजे खलबत्ता.

पुण्यात परतल्यावर कळलं की भाचीच्या प्रयोगशाळेतल्या क्रशरचा जबडा तुटलाय. अगेटच्या, म्हणजे अकीकाच्या, चक्कीला मोठी रांग आहे. दुसरी एक टंगस्टन कार्बाइडची चक्की आहे, पण ती दळता दळता टंगस्टन, कोबाल्ट आणि टँटलम दगडात सोडते. पोलादी असेल तर लोखंड आणि क्रोमियम सोडते. अकीकाची सगळ्यात सभ्य; ती सोडलीच तर थोडी सिलिका सोडते, आणि ती बेसॉल्टमध्ये मुळातच जवळजवळ निम्मी असते. पिठल्याच्या पहिल्या घासापासून ताकापर्यंत भाची याच दुःखात होती. हॉस्टेलच्या खोलीत जागा नाही म्हणून दगडांचं पोतं आमच्या गॅलरीत ठेवून ती गेली. जाताना तिनं 'हात लावू नकोस' असं म्हटलेलं मला आठवत नाही. म्हटलं होतं, असं तिचं नंतरचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोत्यातला सगळ्यात देखणा नमुना काढला. आंबेनळीचा, आतून निळसर काळा, हिरवट ऑलिव्हिनचे बारीक कण असलेला. सासूबाईंचा खलबत्ता माळ्यावरून उतरवला. चांगला पाच-सहा किलोंचा, ओतीव, पितळी, कडेला वेलबुट्टी. त्यात शेवटचं काही कुटलं होतं ते दिवाळीतले वेलदोडे आणि जायफळ. मी तो स्वच्छ धुतला, चिंचेनं घासला, लखलखीत केला. पितळ दगडापेक्षा मऊ असतं, हा विचार त्या चकाकीत कुठंच दिसला नाही.

दगड आधी जुन्या धोतरात गुंडाळून घणानं फोडला. खालच्या मजल्यावरून वहिनी वर आल्या, "काकू, फरशी बदलताय का?" मग तुकडे खलात घातले आणि बत्ता चालवला. बेसॉल्ट दाद देत नव्हता. दर घावाला ठण्ण असा आवाज यायचा आणि बत्त्याच्या टोकाला एक नवा खोचा दिसायचा. मला वाटलं, सासूबाईंच्या काळातलाच असेल. संध्याकाळपर्यंत वाटीभर पूड झाली. ती मी वस्त्रगाळ केली. आमच्या आजीनं दातवणाची पूडही एवढी बारीक केली नसती. पिशवीत भरली, क्रमांक घातला, सही केली.

भाचीनं फोनवर विचारलं, "कशात फोडलंस? लोखंडीच ना?" मी 'हो गं' म्हटलं. मागं मिक्सर चालू होता. आणि खरं सांगायचं तर घरातल्या भांड्यांची एवढी चौकशी आजवर माझ्या सासूबाईंनीही केली नव्हती. पिशवी उघडल्यावर वेलदोड्याचा वास आला, तेव्हाही तिला वाटलं की माझ्या पर्समध्ये राहिल्यामुळे असेल.

वेलदोड्यानं काही बिघडलं नसतं. नमुना आधी हजार अंशांच्या आसपास तापवतात, त्यात असलं सगळं जळून जातं. पितळ जळून जात नाही.

एक्सआरएफवर, म्हणजे मूलद्रव्यं मोजायच्या यंत्रावर, नमुना लागला त्या संध्याकाळी भाचीचा फोन आला. आवाज कापरा. जस्त शंभर पीपीएमच्या आसपास असायला हवं, ते हजारांत गेलं होतं. तांबं त्याच्याही वर. तिच्या सरांनी यंत्र दोनदा तपासलं होतं आणि आता ते खिडकीपाशी उभे राहून विचार करत होते.

मला केवढा आनंद झाला! दोन वर्षं रात्रंदिवस राबणाऱ्या पोरीला माझ्या हातून काहीतरी सापडलं होतं. प्रावरण म्हणजे एकजिनसी पीठ नव्हे, हे मला तिनंच सांगितलं होतं. कुठं समुद्रतळाचं जुनं कवच खाली जाऊन मुरलेलं, कुठं त्याच्यावरचा गाळ गेलेला, आणि या घटकांना ईएम-१, ईएम-२, हायमू अशी नावंही दिलेली. रियुनियनच्या खडकांत तर २०१८ मध्ये नियोडिमियम-१४२चा असा काही फेरफार सापडला, की त्याचं मूळ पृथ्वीच्या पहिल्या पन्नास कोटी वर्षांतलं असलं पाहिजे. ज्या समेरियम-१४६पासून ते तयार होतं, ते त्यानंतर जवळपास संपूनच गेलं होतं. साडेचारशे कोटी वर्षं कुणाला पत्ता न लागू देता खाली काहीतरी टिकून राहतं, मग तांब्या-जस्तानं काय घोडं मारलंय? मी मनातल्या मनात त्या घटकाला 'वाई-१' नाव देऊन टाकलं. पाठोपाठ माझा फोटो, खाली दोन ओळी.

"सरांना सांग," मी म्हटलं, "की तो खोलातून आलाय."

"मावशी," ती म्हणाली, "तांबं आणि जस्त एकत्र, आणि वर शिसंही चढलंय. मला एक सांग. तू तो नक्की कशात कुटलास?"

फोनवर शांतता पसरली. खरं तर सगळी शांतता माझ्याकडचीच होती.

भाची रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती शिकवायला लागली. तिला मुळात शिशाची समस्थानिकं मोजायची होती. बेसॉल्टमध्ये शिसं जेमतेम काही पीपीएम असतं, त्यामुळे त्यात बाहेरचं कणभर जरी पडलं तरी माग भलतीकडं जातो. ओतीव पितळेत तर शिसं मुद्दाम घालतात, म्हणजे ते साच्यात नीट वाहतं. आम्ही पुढचं मोजमाप तसंच केलं असतं, तर २,९०० किलोमीटरांवरून आलेल्या प्लूमचा छडा लागत लागत थेट एखाद्या जस्त-शिशाच्या खाणीत पोचला असता, तिथून भांड्याच्या दुकानात, आणि तिथून आमच्या माळ्यावर. जुन्या नाण्यांचं आणि मूर्तींचं शिसं कुठल्या खाणीतलं हे पुरातत्त्ववाले याच पद्धतीनं शोधतात, असंही तिनं जाता जाता सांगितलं.

हे वाक्य तिनं सांगायला नको होतं. फोन स्पीकरवर होता आणि सासूबाई पलीकडं शेंगा सोलत होत्या.

आमच्या घरात या खलबत्त्यावरून जुना वाद आहे. सासूबाई म्हणतात, तो त्यांच्या आईनं नाशिकहून घेऊन रुखवतात दिला. त्यांच्या नणंदेचं, म्हणजे आमच्या आत्याबाईंचं म्हणणं, तो मूळ घरातला, पुण्यातच तांबट आळीजवळ घेतलेला, आणि म्हणून त्यावर माहेरवाशिणीचा हक्क आहे. दोन लग्नं आणि एक बारसं या वादात गेलं आहे. सासूबाईंनी शेंगांची परात बाजूला ठेवली. रविवारी भाची उरलेलं पोतं परत न्यायला आली (ती मला पोत्याजवळ एकटी सोडायला तयार नव्हती), तेव्हा त्या तिची वाटच बघत होत्या.

"बाळ, ते शिशाचं बघतात म्हणालीस ना, त्याला पितळ किती लागतं?"

"अगदी थोडं लागतं, आजी. पण त्याचा उपयोग नाही. भांडी मोडीतून ओततात. चार ठिकाणचं जुनं पितळ एकत्र वितळवलं की चार खाणींचं शिसं मिसळतं, मग नाशिक काय नि पुणे काय, काहीच सांगता येत नाही."

"नाशिकचं नाही, असंही सांगता येणार नाही?"

"नाही."

"मग काढच," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पदराआडून कानस पुढं केली. "तळातून घे. तिथं तुझ्या मावशीनं अर्धं काम करून ठेवलंय."